दोन शेपट्यांचं विमान

मंगळवारी दुपारी तार आली. पोस्टमनने ती सासऱ्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी ती मला दिली, कारण घरात इंग्रजी मलाच वाचता येत होतं. तारेत लिहिलं होतं की विमान समुद्रात पडलं, वैमानिक आणि माझा नवरा दोघे गेले आणि शोध थांबवला आहे. मी तार वाचली आणि मराठीत सांगितली. सासूबाई दळत होत्या. त्यांनी जातं थांबवलं.

ती बातमी मी सांगितली, म्हणून त्या घरात ती माझी झाली. सरकारने पाठवली, पोस्टाने आणली, पण तोंडातून निघाली ती माझ्या. सासूबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे बघायच्या ते जणू मी वाचताना एखादा शब्द मुद्दाम चुकवला आहे आणि अजून वेळ आहे, नीट वाचता येईल, अशा नजरेने.

माझं माहेर कारंजा. वडील शाळेत शिक्षक होते, घरात पुस्तकांचं एक कपाट होतं, आणि मी मॅट्रिक झाले होते. सासर इंझोरीचं, शेतकऱ्याचं. नवरा हवाई दलात वायरलेस मेकॅनिक होता. तो विमान चालवत नव्हता. विमानातले रेडिओ दुरुस्त करायचा. त्या दिवशी दुरुस्त केलेला रेडिओ वर जाऊन नीट बोलतो की नाही हे बघायला तो वैमानिकाच्या शेजारच्या जागेवर बसला होता. एवढीच हकिगत आम्हाला पुढे कळली.

विमान दोन शेपट्यांचं होतं. म्हणजे मधलं धड आखूड, आणि पंखांपासून मागे दोन लांब दांडे निघालेले, ते टोकाशी आडव्या पट्टीने जोडलेले. मला त्याचा आकार पाठ होता, कारण तसंच एक विमान आमच्या घरात होतं. अर्धवट.

ते त्याने शेवटच्या रजेत सुरू केलं होतं. त्याची रजा म्हणजे माझ्यासाठी काय असेल याचा विचार मी महिनोन् महिने करायची, आणि तो यायचा ती पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत माझ्यासाठी एखादं पुस्तक असायचं, आणि बाकी सगळी तार, काचेचे व्हॉल्व्ह, बॅटऱ्या. शेवटच्या वेळी अंगठ्याएवढ्या सिलिंडरचं एक इंजिनही होतं. खऱ्या विमानाचं एक चित्र त्याने इंग्रजी मासिकातून कापून आणलं होतं, वरून, बाजूने आणि समोरून काढलेलं, तळहाताएवढं. त्यावरून तो माणसाच्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढं विमान करणार होता, आणि ते जमिनीवरून बटण दाबून वळवणार होता. तो सबंध रजा ओसरीवर बसून तासत होता. मी चहा नेऊन ठेवायची. तो थंड व्हायचा. मला ते विमान तेव्हापासून आवडत नव्हतं. जिवंतपणी त्याने माझी रजा खाल्ली आणि नंतर त्याच्याच जातीच्या मोठ्या विमानाने तो माणूस खाल्ला.

सासऱ्यांना ते माझ्याहून जास्त नकोसं होतं. पोरगा शेतावर न येता खेळणं करत बसतो याची त्यांना लाज वाटे. "जेट म्हंतो अन् मांगून पंखा लावतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "माह्या पोराचं जेट पंख्यानं चालते." नवरा हसून म्हणायचा की एवढ्या लहान आकारात खरं जेट इंजिन कुठे मिळणार, म्हणून धडाच्या मागे, दोन दांड्यांच्या मध्ये छोटा पंखा लपवायचा, वर गेल्यावर दिसत नाही. सासरे म्हणायचे, "देवाले दिसते."

आता देह नव्हता. देह नसला की आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. तसा दिला. त्याआधी सासरे ते अर्धवट विमान उचलून घेऊन निघाले होते, पुतळ्याबरोबर जाळायला. दिराने त्यांना दारात अडवलं. दीर माझ्याहून थोडा लहान, कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "बाबा, त्यात तेल हाय. भडका होईल." सासऱ्यांनी विमान ओसरीवर टाकलं ते पंखावर पडलं आणि एक कामटी मोडली.

दहाव्याला नाल्याच्या काठी पिंड ठेवला. आम्ही बायका बाभळीखाली उभ्या होतो. कावळे होते, भरपूर होते, पण पिंडाला शिवत नव्हते. जाणाऱ्याच्या मनात काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, आणि मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करायची असते. सासऱ्यांनी कबूल केलं की सासूबाईंना तीर्थाला नेईन. कावळा बाभळीवर बसून राहिला. दीर म्हणाला, वावर वाटणार नाही, दादाचा हिस्सा तसाच ठेवीन. कावळा चोच घासत बसला. सासूबाई म्हणाल्या, सुनेला अंतर देणार नाही. तेव्हा तर तो उडून पलीकडच्या झाडावर गेला, आणि मागच्या एका बाईने हुं केलं ते मला ऐकू आलं.

ऊन चढलं. लोक पाय बदलू लागले. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळे व्हा. सासरे अपमान झाल्यासारखे उभे होते. मग ते पिंडाकडे न बघता, दात आवळून म्हणाले, "बरं बावा. तुहं इमान पुरं करतो. उडवून दाखवतो. आता तं शिव."

कावळा खाली आला.

मला कावळ्यांबद्दल मत नाही. लोक मागे सरकले होते, पिंड निवला होता, आणि कावळ्याला भूक होती. पण सासऱ्यांनी गावादेखत शब्द दिला होता आणि तो एका पक्ष्याने घेतला होता.  घरी आल्यावर त्यांनी ओसरीवरचं विमान पायाने भिंतीकडे सरकवलं आणि मला म्हणाले, "त्याचं थे इंग्रजी चित्र काढ."

आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, आणि बहुधा घरातच, दिराशी. तेराव्यानंतर लगेच त्याची कुजबुज सुरू झाली. दिराला कुणी विचारलं नव्हतं. मलाही नाही. मला अमरावतीला जाऊन शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता, पण त्याचं हो आता कुठल्या कामाचं नव्हतं. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या सासऱ्यांनी राजीखुशीने पाठवलं तर माझी ना नाही. पण मुलगी सासर सोडून उठून आली हे मी कारंज्यात कुणाला सांगू? एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि त्याने मला हे उत्तर दिलं. त्यांच्याशीही माझं पुढे नीट जमलं नाही.

तेव्हा मी सासऱ्यांनाच गाठलं. ते बैलांपुढे कडबा टाकत होते.

"मामाजी, चित्र इंग्रजीत आहे. मापं इंचांत आहेत. रेडिओच्या जोडणीचे कागदही इंग्रजीत आहेत. माझ्याशिवाय हे होणार नाही."

"मंग?"

"ते उडालं की मला अमरावतीला जाऊ द्यायचं."

ते कडबा टाकत राहिले. मग म्हणाले, "अन् नाही उडलं तं?"

मी कडब्याची एक पेंढी उचलून त्यांच्या हातात दिली.

"नाही उडलं तं पाट. अखजीपावेतो टाइम हाय तुले." अखजी म्हणजे अक्षय तृतीया; पहिल्या अक्षय तृतीयेला नवा मेलेला माणूस आमच्याकडे पितरांत मिसळतो. "अन् मास्तरीनबाई, उडलं म्हंजे उडलं. उचलून फेकलं अन् पडलं त्याले उडनं म्हंत नाईत."

"मला माहीत आहे."

"तुले सगयंच माईत असते."

असा तो सौदा झाला. दोघांनाही विमान नको होतं आणि दोघांनाही ते पुरं करणं भाग होतं. त्यांना मेलेल्याच्या शब्दापायी, मला जिवंत सुटण्यापायी.

हिवाळाभर आम्ही समोरासमोर बसलो. मी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर खडूने चौकोन आखले आणि मासिकातलं चित्र चौकोनाला चौकोन असं मोठं करून काढलं. सासूबाईंना त्या चौकोनांवरून पाय उचलून जावं लागे. त्या रोज काही ना काही सांडायच्या. पाणी, दाणे, एकदा ताक. मी रोज पुन्हा आखायची.

मासिकात जे हलकं लाकूड लिहिलं होतं ते आमच्याकडे नव्हतं. नवऱ्याने त्याच्या जागी भेंड वापरलं होतं, ज्याची लग्नातली बाशिंगं करतात ते पांढरं, फुलासारखं हलकं. कारंज्यातल्या बाशिंगवाल्याकडून दीर आणखी भेंड घेऊन आला. बाशिंगवाल्याने त्याला विचारलं, कुणाचं लग्न आहे? दिराने ते घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी भेंडाला कुणी हात लावला नाही. भेंडाच्या आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वरून पतंगाचा कागद. सासऱ्यांचा हात चांगला होता, पण मोजायचे ते बोटांनी आणि वितीने, आणि मी फूटपट्टीने.

"हे तीन बोटं हाय."

"दोन इंच आणि एक अष्टमांश हवं."

"माह्या बोटाले अष्टमांश नाही."

"मग फूटपट्टी घ्या."

"तुह्या बापानं पट्टीनं मोजून धाडली तुले. म्हून अशी आखूड निघाली."

मी उंचीने कमी आहे. मी तो पंख बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो एका बाजूने अर्धा बोट लांब निघाला हे त्यांना पट्टी लावून दाखवलं. त्यांनी तो मोडून चुलीत घातला. मीच पुन्हा केला. त्यांनी कामट्या तासून दिल्या, पण हातात दिल्या नाहीत, जमिनीवर टाकल्या.

चिकटवायला खळ लागे. कणकेची खळ सासरे स्वतः चुलीवर शिजवायचे. त्यात ते चिमूटभर काहीतरी टाकत, त्याने खळ किंचित निळसर दिसे. मी विचारलं. ते म्हणाले, "उंदीर अन् कसर लागत नाही. बायकायले काय समजते." मी पुढे विचारलं नाही. घरातलं धान्य त्यांनी कधी किडू दिलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं.

रेडिओ नवऱ्याने पुरा केलेला होता. बिस्किटाच्या डब्यात एक व्हॉल्व्ह आणि काही तारांची गुंडाळी, ते विमानात ठेवायचं. एका लाकडी खोक्यात दुसरा भाग, त्याला पितळेची लांब काठी आणि एक बटण, ते जमिनीवर. बटण दाबलं की विमानातल्या पिळलेल्या रबराचा एक आटा सुटायचा, एक पोलादी तार ओढली जायची आणि दोन्ही शेपट्यांचे उभे पडदे, म्हणजे सुकाणू, डावीकडे वळायचे. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. ही तार एका शेपटीच्या दांड्यातून मागे गेलेली होती, आणि जिथे जिथे ती दांड्याला धरून ठेवायची तिथे मलमलीची पट्टी खळ लावून गुंडाळलेली होती. त्या पट्ट्या सासऱ्यांनी गुंडाळल्या. मी बॅटऱ्या जोडल्या, नवऱ्याने लिहून ठेवलेल्या रंगांप्रमाणे.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा विमान ओसरीवर होतं आणि मी खोकं घेऊन अंगणात. टक् असा आवाज झाला. पडदे वळले. सासूबाई विमानाच्या अगदी जवळ तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कोनं हालवलं?"

"मी. इथून."

"तू तं तठी हायेस."

"रेडिओने हलतं, आत्याबाई. त्यांनीच केलेलं आहे."

त्या विमानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आनखीन दाब." मी दाबलं. टक्. "आनखीन." मी बॅटरी संपेल म्हणून थांबले. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुह्यापाशी हाय बटन, म्हून तू देनार नाई." आणि सूप घेऊन आत गेल्या. पण त्या दिवसानंतर चौकोनांवर काही सांडलं नाही.

मागे इंजिन असल्यामुळे विमान मागे कलायचं. नवऱ्याने चित्रावर तोलाची जागा फुलीने दाखवली होती, पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडी आत. तिथे दोन बोटांवर धरलं की ते आडवं राहायला हवं होतं, आणि राहत नव्हतं. नाकात वजन हवं होतं. सासूबाईंनी बाजरी मोजायच्या तराजूचं एक लोखंडी वजन आणून माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेल्या. ते बसलं. सासरे म्हणाले, "आता तुह्या सासूनं बी हात लावला. नाही उडलं तं तिलेच इचार."

फाल्गुनात विमान पुरं झालं. चंदेरी रंग दिला. खऱ्या विमानावर असतात तशी गोल चिन्हं मी काढली, आतून बाहेर हिरवं, पांढरं, केशरी. मी ते ओसरीवर ठेवून मागे सरकले, आणि मला जे वाटलं ते सांगते. मला ते सुंदर वाटलं आणि मला त्याचा राग आला. एवढं नीट, एवढं खऱ्यासारखं, आणि त्यात बसलेलं कुणी नव्हतं.

सासऱ्यांनी घाई केली नाही. ते म्हणाले, अखजीलाच. तोवर ते आढ्याला टांगून ठेवलं. मला वाटलं ते मुद्दाम करतायत, एक दिवस चुकला की पाट. आता वाटतं, त्यांनी शब्द पितराला दिला होता आणि तो त्याच्याच दिवशी फेडायचा होता. दोन्ही खरं असू शकतं. त्या माणसाच्या बाबतीत मला कधीच एक कारण पुरलं नाही.

अक्षय तृतीयेला पहाटे वारा पडलेला असताना आम्ही गावाबाहेरच्या बरड माळावर गेलो. वावरं नांगरून पडली होती, उभं पीक कुठेच नव्हतं. सासूबाई घरी घागर भरत होत्या, पितरांसाठी. त्या आल्या नाहीत. गावातली चारपाच माणसं आली. शब्द गावादेखत दिलेला होता.

इंजिनाचं इंधन मी आदल्या दिवशी मिसळलं होतं: दवाखान्यातून आणलेलं ईथर, घासलेट आणि एरंडेल. दिराने पंखा बोटाने फिरवला. फिरवला, पुन्हा फिरवला, आणि चौथ्यापाचव्या वेळी पंख्याने त्याचं बोट फोडलं. तो बोट तोंडात घालून हसला. माणसांपैकी एक म्हणाला, "पाह्य, रगत मागते थे." सासरे म्हणाले, "सवय हाय त्याले." कुणी हसलं नाही.

मग इंजिन लागलं. एवढ्याशा वस्तूचा एवढा आवाज होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. माणसं मागे झाली. दिराने विमान डोक्यावर धरलं, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तो उताराकडे पळाला आणि त्याने ते सोडलं.

ते आधी खाली गेलं. मग सपाट झालं. मग वर चढायला लागलं, सावकाश, आणि पंखा दिसेनासा झाला. नवरा म्हणाला होता तसंच. राहिलं ते फक्त दोन शेपट्यांचं विमान, उगवतीच्या उजेडात, जसं असायला हवं तसं. मी बटण दाबलं. ते डावीकडे वळलं. आमच्या डोक्यावरून एक सबंध फेरा घेतला. मी सोडलं, सरळ झालं. 

मग मी दुसऱ्यांदा दाबलं आणि काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. नाही. ते सरळ जात राहिलं, कारंज्याच्या बाजूला, चढत चढत. दीर त्याच्यामागे नांगरटीतून पळत सुटला. मी दाबत राहिले. सासरे माझ्या शेजारी उभे होते, हाताची घडी घालून. ते म्हणाले, "ऐकून नाई राह्यलं?"

"नाही."

"हं."

आवाज बारीक झाला, मग थांबला. ते आणखी पुढे तरंगत गेलं आणि झाडांच्या मागे उतरलं.

ते पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीवर पडलेलं सापडलं. एक दांडा उचकटला होता, बाकी जवळजवळ शाबूत. मी दांडा उघडला. पोलादी तार मलमलीच्या पट्टीखाली तुटली होती. पट्टी सोलली तर तार तिथे सुईच्या टोकाएवढी बारीक झाली होती आणि तिचा रंग पोलादाचा नव्हता, तांब्याचा होता. दुसऱ्या पट्ट्यांखालीही तसंच. मला तेव्हा ते का झालं हे कळलं नाही. पट्ट्या सासऱ्यांनी गुंडाळल्या होत्या एवढंच कळलं.

मी तार त्यांच्यासमोर धरली. "हे तुमच्या पट्टीखाली तुटलं."

त्यांनी तार घेतली. बराच वेळ बघितली. ती खिशात ठेवली. सोबत आलेल्यांपैकी एक म्हणाला, "मंग वळलं कुठं बटनानं? गेलं आपल्या मनानं. हे काय उडनं हाय?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी त्या माणसाकडे पाहून थुंकल्यासारखं केलं. "उडलं," ते म्हणाले. "म्या शब्द देल्ला होता उडवाचा. वळवाचा नाही देल्ला." आणि मग माझ्याकडे न बघता, "ऐकलं नाही, पन उडलं. तू बी ऐकत नाहीस. जाय."

मी आभार मानले नाहीत. त्यांनीही त्याची वाट बघितली नाही. घरी गेल्यावर त्यांनी घागरीपुढे उदबत्ती लावली आणि फक्त "झालं बावा" एवढं म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, किती उंच गेलं होतं? दिराने हात वर करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच?"

मी अमरावतीला गेले. तिथे विज्ञानाच्या तासाला बाईंनी काचेच्या भांड्यात निळं पाणी घेतलं आणि त्यात लोखंडी खिळा सोडला. दुसऱ्या दिवशी खिळा तांबूस झाला होता आणि झिजला होता. निळं पाणी मोरचुदाचं होतं. मला वर्गात बसल्या बसल्या खळीचा रंग आठवला. आणि दुसरी एक गोष्ट आठवली: सासरे पेरणीआधी जवारीच्या बियाण्याला मोरचूद लावायचे तो नेहमी मडक्यात कालवून. लोखंडी बादलीत कधी नाही. बादलीला हात लावू दिला नव्हता त्यांनी मला. म्हणजे मोरचूद लोखंड खातो हे त्यांना माहीत होतं.

त्यावर मी पुष्कळ वर्षं जगले. रागाला कारण असलं की तो टिकतो. मी नोकरीला लागले, शिरपूरच्या शाळेत, मग कारंज्याच्या. पुन्हा लग्न केलं नाही. दिराचं झालं. मी इंझोरीला सणावारी जायची, पाहुण्यासारखी, आणि सासरे मला पाहुण्यासारखा चहा देववायचे. एकदा, ते थकल्यावर, मी विचारलंच. ते खाटेवर बसून होते.

"मामाजी, खळीत मोरचूद होता ना?"

"होता."

"तो लोखंड खातो हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग तारेवर का लावलात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. अशा नजरेने की एवढी शिकली आणि हे विचारते. "उंदरायचं डोक्यात होतं," ते म्हणाले. "कसरीचं होतं. पोराची वस्तू हाय, किडू नोये. तारीचं ध्यानातच नोतं." थोड्या वेळाने म्हणाले, "तोडाचीच असती तं कापली नसती म्या? पक्कड घरातच होती."

हे उत्तर बरोबर होतं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आहे आणि मला त्यात खोट सापडलेली नाही. तरीही माझा राग गेला नाही. तो कुठे ठेवावा हे मात्र त्यानंतर मला कळेनासं झालं. समुद्रावर रागावता येत नाही. सरकारी तारेवर येत नाही. समोर खाटेवर बसलेला एक माणूस होता, तोही मला पुरा दोषी सापडला नाही.

ते गेले त्या वर्षी मी दहाव्याला गेले होते. कावळा लगेच शिवला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही.

सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घराची वाटणी झाली तेव्हा दीर आढ्याचं विमान काढून, चादरीत गुंडाळून, एसटीने मांडीवर घेऊन माझ्याकडे कारंज्याला आला. म्हणाला, "वैनी, पोरं तोडून टाकतीन." चहा घेतला आणि पुढच्या गाडीने गेला. आता तोही नाही.

विमान माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. त्याच कपाटातली वडिलांची अर्धी पुस्तकं कसरीने खाल्ली. विमानाला किडा लागलेला नाही, उंदराने तोंड लावलेलं नाही. पंख, भेंड, कागद, मलमलीच्या पट्ट्या आहेत तशा आहेत. तार नाही.